एसी, कूलर आणि माझ्या गोष्टीतल्या बाया

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत लेखक कुठं बसून लिहितात यावर लेख होता. फोटो छान होते, कोणाच्या खिडकीतून समुद्र, कोणाच्या मागे डोंगर, एकाच्या टेबलावर तर फुलदाणी पण होती, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच की लिहायला निसर्ग लागतो अन् शांतता लागते. आता नागपुरात समुद्र कुठून आणायचा? डोंगर म्हणाल तर सेमिनरी हिल्स, तिथं रविवारी गाडी लावायला जागा नसते. मग आम्ही काय लिहूच नये का, असं वाटून हे पत्र लिहून राहिले.

मी नागपूरच्या महाल भागात राहते, घरीच फॉल-पिकोचं काम करते आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की गोष्टी लिहिते. आतापर्यंत अकरा छापून आल्या, सगळ्या दिवाळी अंकात. मानधन तीनदाच मिळालं, पण तो वेगळाच विषय आहे, त्यावर लिहायला बसले तर तुमचं पूर्ण पान लागेल.

सांगायचं ते कूलरबद्दल. बाहेरगावच्या लोकांना नागपूरचा उन्हाळा म्हणजे गंमत वाटते. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता आणि २०२४ ला तर एका यंत्रानं ५६ दाखवले, देशभर बातमी झाली, मग सांगितलं की यंत्रच बिघडलं होतं. आम्हाला काही फरक पडला नाही, दुपट्टा तेवढाच बांधावा लागला. तर आमच्याकडे वीस वर्षं कूलर होता, लोखंडी, मोठ्या पंख्याचा, एप्रिल लागला की वाळ्याच्या नवीन ताट्या, म्हणजे पाणी झिरपणाऱ्या जाळ्या, बसवायच्या आणि पहिल्या दिवशी वाळ्याचा जो वास येतो तो मी शब्दात कधी पकडू शकले नाही, दोनदा प्रयत्न केला. कूलरचं असं असतं की तो कोरड्या हवेवर चालतो, बाहेरची गरम हवा ओल्या ताट्यांतून आत ओढतो, आणि आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट द्यावी लागते. नाही दिली तर खोलीत नुसता दमट कोंडमारा होतो, गादी पण ओलसर लागते. म्हणून कूलर लावला की समोरची खिडकी उघडी पाहिजेच. आणि आमची खिडकी थेट गल्लीत उघडते.

त्या खिडकीतून काय काय आत यायचं याची यादी होणार नाही. भाजीवाला, भंगारवाला, शेजारच्या मुलाचे पाढे, भांडणं, समोरच्या आजींचं फोनवर ओरडून बोलणं, त्यांना वाटते की जावई पुण्यात आहे म्हणजे आवाज तेवढा लांब गेला पाहिजे. माझ्या आईच्या वेळी यात एम्प्रेस मिलचा भोंगा पण होता. १८७७ ची कापडाची मिल ती, आई घड्याळ न पाहता भोंग्यावर कुकर लावायची. मिल बंद पडली, तिथं मॉल आला, आणि तो आवाज ज्यांच्या कानात आहे अशी माणसं आता थोडीच राहिली. मॉलला काही आवाज नाही, निदान महालापर्यंत ऐकू येईल असा तरी नाही.

तर झालं असं की दोन वर्षांपूर्वी नवतप्यात, म्हणजे मे संपतानाच्या नऊ कडक दिवसांत, मुलानं एसी बसवला. आईनं घामात मशीन चालवू नये म्हणून, त्याचं काही चुकलं नाही, मला पण बरंच वाटलं. एसीला उलटं पाहिजे, दार बंद, खिडकी बंद, फटीला पण कापड. मस्त गार, शांत खोली, तुमच्या लेखातल्या लोकांना आवडली असती अशी. मी दोन गोष्टी लिहिल्या त्या उन्हाळ्यात. दोन्ही परत आल्या. मला वाटलं संपादकाला कळलं नसेल (माफ करा). पण माझी एक जुनी गिऱ्हाईक आहे, साड्या घेऊन येते, माझं सगळं छापील वाचते, तिला कच्चे कागद वाचायला दिले तर दुसऱ्या दिवशी म्हणते, ताई, तुमच्या गोष्टीतली बाई सिरियलमधल्यासारखी बोलून राहिली, आपल्याकडे कोण असं बोलते?

लागलं मला ते. मी कागद काढून पाहिले, तर खरंच, माझी गोष्टीतली मोलकरीण 'मला तुमच्याशी काही बोलायचं आहे' म्हणत होती.

मग एके दिवशी भर दुपारी लाइन गेली. एसी बंद, जीव गुदमरला म्हणून खिडकी उघडली, तर बाहेर समोरच्या काकू आणि पाण्याच्या कॅन टाकणारा पोरगा.
'काऊन बे, काल आला नाई?'
'आलो होतो ना काकू, तुम्ही झोपून राहिल्या होत्या.'
'मंग उठवाचं होतं ना!'
'उठवलं असतं तं शिव्या दिल्या असत्या ना तुम्ही.'
एवढंच. पण मी फॉलच्या पिशवीवर लिहून घेतलं ते, बिलाच्या मागे पण नाही, पिशवीवरच, आणि गिऱ्हाइकाला नवी पिशवी द्यावी लागली. त्या चार ओळींत काकूंचा एकटेपणा पण आहे आणि पोराचा मिश्कीलपणा पण आहे, मी दोन महिने बंद खोलीत बसून जे बनवू शकले नाही ते लाइन गेल्यामुळे फुकट मिळालं. एसी अजून आहे, रात्री लावतो. दुपारी कूलर.

यात आणखी एक भर पडली. आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. जुना खोदायचा सोडून त्याच्यावरच ओतला, त्यामुळे रस्ता वर आला आणि आमचं जुनं घर खाली गेलं, पावसाळ्यात पाणी घरात येते, तक्रारी करून झाल्या, त्यावर इथं बोलत नाही. पण खिडकी पण खाली गेली ना. पूर्वी मला येणाऱ्याजाणाऱ्याचे चेहरे दिसायचे, आता गुडघ्यापासून खालचं दिसते. आधी चिडचिड झाली, मग हळूहळू मी माणसं पायांवरून ओळखायला लागले. कोण टाच घासत चालते, कोणाच्या चपलेचा अंगठा शिवलेला आहे, कोणती बाई लग्नाहून परत येताना सँडल हातात घेऊन चालते, कोण गल्लीच्या तोंडाशी आल्यावर पाऊल हळू करते कारण घरी जायचं जिवावर आलंय. मागच्या दिवाळीतली माझी गोष्ट पूर्ण पायांवर आहे. रस्ता करणाऱ्यांचे आभार मानणार नाही, दरवर्षी मीच बादलीनं पाणी उपसते, पण गोष्ट त्यांच्यामुळेच सुचली हे खरं आहे.

निसर्गाचं म्हणाल तर आपल्याजवळ रामटेक आहे, ५० किलोमीटरवर. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच असं संस्कृतचे विद्वान वा. वि. मिराशींनी मांडलं, छत्तीसगडवाले त्यांच्या रामगढचं नाव घेतात, तो वाद विद्वानांचा. शाळेत आमच्या संस्कृतच्या बाईंनी पहिला श्लोक शिकवला होता तो अजून आठवतो. शापानं घरापासून दूर पाठवलेल्या त्या यक्षाला काय जागा मिळाली आहे बघा, दाट सावलीची झाडं, सीतेच्या स्नानानं पवित्र झालेलं पाणी. तुमच्या पुरवणीत शोभेल अशी. आणि त्याचं लक्ष कुठं आहे, तर अलकेत, बायकोजवळ. हातातलं सोन्याचं कडं गळून पडलं इतका वाळला तो त्या सुंदर जागी. आषाढाच्या पहिल्या दिवशी ढग दिसला तर त्यात त्याला निसर्ग नाही दिसला, पोस्टमन दिसला. बाई हे सांगताना हसायच्या, आम्हाला तेव्हा समजलं नव्हतं. मी एसटीनं रामटेकला तीनदा गेले, गड चढून खिंडसी तलावाकडे पाहत बसले, खूप छान वाटलं, एक ओळ सुचली नाही. परतीच्या बसमध्ये मागच्या सीटवरच्या दोघी नणंदा-भावजया घराच्या वाटणीवर बोलत होत्या, त्यातून सुचलं.

जंगलात राहून लिहिणारे नव्हतेच असं माझं म्हणणं नाही. मारुती चितमपल्ली ३६ वर्षं वनखात्यात होते, मूळचे सोलापूरचे पण जंगलं आपल्याकडची, नवेगाव बांध, नागझिरा, मेळघाट. पण ते तिथं फोटो काढायला बसले नव्हते, नोकरी करत होते, तिथल्या माणसांकडून पक्ष्यांची, झाडांची नावं विचारून घेत होते आणि नाव नसलं तर स्वतः बनवत होते. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार. असा शब्द आठ दिवसाच्या सहलीत बनत नाही. २०२५ ला पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये गेले.

आणि आपल्या मारबतीला, म्हणजे इडापिडा घेऊन जा म्हणत मिरवणुकीनं नेऊन जाळतो त्या पुतळ्याला, कोणी साहित्य म्हणत नाही, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत उभं राहून ऐका एकदा. 'घेऊन जा गे मारबत' हे ठरलेलं, त्याच्या आधी काय जोडायचं ते दरवर्षी नवीन, कधी महागाई, कधी डेंगू, कधी खड्डे. मारबतीसोबत निघणाऱ्या बडग्या पुतळ्यांवरच्या पाट्या कोण लिहिते माहीत नाही, खाली नाव नसते, पण वर्षभर गल्लीत जे लोक पुटपुटत असतात तेच तिथं मोठ्या अक्षरात असते. त्या पाट्या लिहिणाऱ्याचा फोटो छापा एखादवेळी.

डीजेबद्दल मला कोणी विचारू नये. त्यातून काही सुचत नाही, फक्त खिडकीच्या काचा हलतात. सगळाच आवाज कामाचा असतो असं मी म्हणत नाही, ज्यात माणूस ऐकू येतो तो.

पुढच्या वेळी लेख कराल तेव्हा लेखकांना त्यांच्या खिडकीतून काय दिसते हे विचारू नका, काय ऐकू येते ते विचारा. आणि उन्हाळ्यात विचारा, पावसाळ्यात आमचा कूलर चिकचिक करतो म्हणून बंद असतो.

अजून लिहिणार होते पण खिडकीत दोन पाय येऊन थांबले आहेत, डावा अंगठा शिवलेला, म्हणजे मोरपंखी साडीवाल्या आल्या. फॉल अजून लागला नाही, सकाळपासून हे पत्रच लिहून राहिले. आता काय सांगू त्यांना?

आपली,
एक वाचक,
महाल, नागपूर