ययातीच्या गोष्टीतून पुरूच गायब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला चिरतारुण्याच्या सौद्यांवरचा लेख वाचला आणि दिवसभर चडफडत राहिले. लेखकाने फाउस्ट, डोरियन ग्रे आणि ययाती एकाच माळेत ओवून ययातीला ‘आपला फाउस्ट’ करून टाकले. जर्मन दंतकथेतला फाउस्ट सैतानापुढे स्वतःचा आत्मा पणाला लावतो. ऑस्कर वाइल्डच्या कादंबरीतला डोरियनही आपल्याऐवजी आपल्या चित्राने म्हातारे व्हावे म्हणून आपलाच आत्मा देऊ करतो. ययातीने स्वतःचे काय दिले? म्हातारपणाचा शाप झाला त्याला, ते भोगले मुलाने, पुरूने, आपले तारुण्य बापाला देऊन. आणि एवढ्या लांबलचक लेखात पुरूचे नाव एकदाही नाही! देवयानी-शर्मिष्ठेच्या भांडणाला मात्र भरपूर जागा आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयात एका वक्त्यांनी पुरूला ‘आदर्श पुत्र’ म्हणून टाळ्या घेतल्या होत्या. माझी थोरली बहीण शेजारी होती. आमच्या वडिलांनी पन्नाशीत दुसरा संसार थाटला, तेव्हा कॉलेज सोडून तिने नोकरी धरली. तिच्या पगारावर आम्ही धाकटी भावंडे शिकलो. तिचे लग्न राहिले ते राहिलेच, आणि नातेवाइकांनी तिला जन्मभर ‘गुणाची पोर’ म्हटले. त्या दिवशी ती उभी राहून म्हणाली, “यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू, चौघे नाही म्हणाले आणि चौघांनाही बापाने शाप दिले. मग पाचव्याने काय म्हणायचं होतं?” वक्त्यांनी घड्याळ पाहिले आणि आभारप्रदर्शन सुरू झाले. मला त्याचा आजही राग येतो.

यदूच्या वंशाला राज्य मिळणार नाही, असा तो शाप होता. तारुण्य देणाऱ्याला मात्र राज्य. पुरूचा होकार वाचताना हे विसरायचे कसे? गिरीश कार्नाड विसरले नाहीत. ऐन विशीत लिहिलेल्या ‘ययाति’ नाटकात त्यांनी पुरूला बायको दिली, चित्रलेखा. नवरा एकाएकी म्हातारा झालेला पाहून ती जीव देते. सौद्याची खरी किंमत तिथे दिसते. खांडेकरांची ‘ययाति’ कादंबरी १९५९ची, ज्ञानपीठ मिळालेली, घरोघरी वाचलेली. तरी आपल्याकडे या कथेवर लिहिताना ययातीच्या वासनेपुढे कुणी जात नाही. ज्याचे वय गेले त्याच्याबद्दल दोन ओळी लिहायला काय हरकत होती?

शिवाय, तारुण्यासाठी सैतानाशी करार करणारा फाउस्ट फ्रेंच संगीतकार गुनोच्या १८५९च्या ऑपेरातला. जर्मन कवी गटेच्या नाटकातल्या फाउस्टची पैज वेगळी, चेटकिणीचा काढा पिऊन तो तरुण होतो तो नंतर. लेखात दोघांची सरमिसळ झाली आहे.

जाता जाता एक. वाचनालयांच्या अनुदानावरच्या माझ्या मागच्या पत्राचा शेवटचा परिच्छेद आपण कापलात, आणि मुख्य मागणी त्यातच होती. या वेळी जागा कमी पडली तर फाउस्टचा परिच्छेद काढावा. बहिणीचे बोलणे तेवढे जसेच्या तसे छापावे, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा