चेहरा कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत आमच्या बेली डान्स करणाऱ्या भाचीवर अर्धं पान छापलंत, त्याबद्दल आभार. सकाळपासून फोन थांबलेला नाही. पण त्या अर्ध्या पानाचा निम्मा भाग फोटोने व्यापलाय आणि फोटो गळ्यापासून गुडघ्यापर्यंत आहे. मुलीचं तोंड कुठे गेलं? जागा कमी पडली म्हणावं, तर शेजारच्या साडी सेलच्या जाहिरातीतली बाई आख्खी उभी आहे, चपलांसकट.

तुमचा वार्ताहर घरी आला तेव्हा मी तिथेच बसले होते. मुलगा नम्र. चिवडा खाल्ला, दोनदा चहा घेतला. ती त्याला जीव तोडून सांगत होती की आज स्टेजवर दिसतो तो बेली डान्स घडला कैरोत, बदिया मसाबनी या बाईने 1926 साली काढलेल्या क्लबात. तहिया कारिओका, सामिया गमाल तिथेच तयार झाल्या आणि मग सिनेमात गेल्या. त्याच्याही आधी, 1834 मध्ये, इजिप्तचा तेव्हाचा राज्यकर्ता मुहम्मद अली याने नाचणाऱ्या बायकांना कैरोबाहेर काढून दूर दक्षिणेला इस्नासारख्या गावांत धाडलं होतं. हे सगळं त्याने वहीत उतरवून घेतलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. छापून काय आलं? ‘सुलतानांच्या जनानखान्यातली मादक अदा’. मग वही कशाला आणली होती?

पुढे ‘देशोदेशी उडणारं फुलपाखरू’ असंही लिहिलंय. त्या फुलपाखराची बॅग मी भरते, म्हणून सांगते. मण्यांचा कमरपट्टा आणि चोळी केबिन बॅगेतच न्यायची, कारण मोठी बॅग हरवली तर कार्यक्रम गेला. डोक्यावर तोलायची तलवार मात्र केबिनमध्ये चालत नाही, ती खाली जाते, आणि तिच्यापायी अहमदाबादच्या विमानतळावर दरवेळी खुलासा करावा लागतो. रात्री वडोदऱ्याहून निघायचं, पहाटेचं विमान, दुबईत उतरल्यावर एजंट सांगणार की कार्यक्रम एक नाही, दोन आहेत, पैसे तेवढेच. हॉटेलांच्या संगमरवरी फरशीवर अनवाणी नाचून तिचे गुडघे आणि घोटे आत्ताच दुखतात. आगाऊ रक्कम हातात पडते, उरलेली मागायला गेलं की आयोजक साहेब मीटिंगमध्ये. कैरोत लग्नाच्या वरातीपुढे पेटलेल्या मेणबत्त्यांचं झुंबर डोक्यावर घेऊन नाचतात, ते ती तिथे जाऊन शिकली. घरी सराव करताना मेणाचे थेंब गच्चीवर पडायचे, ते मी खरवडले आहेत. यातलं एक अक्षर लेखात नाही. ‘लग्नाचा विचार कधी?’ हा प्रश्न मात्र आहे.

आणि आता ते सांगतेच, जे त्या दिवशी वार्ताहरासमोर ती बोलू देईना. मागे तिला आपल्याच गावात, आपल्याच माणसांसमोर एक कार्यक्रम करायचा होता. दांडिया बाजाराजवळच्या एका मराठी संस्थेचा हॉल ठरवला, डिपॉझिट भरलं. नाच सईदी, म्हणजे दक्षिण इजिप्तमधला काठीचा. अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंत झगा. ताल दुम तक, दुम दुम तक. माझे यजमान तबला वाजवतात, ते म्हणाले, हा तर आपल्या केरव्याचा भाऊ. त्यांनी साथीला बसायचंही कबूल केलं होतं. चार दिवस आधी कार्यवाहांचा निरोप आला: ‘कमिटीचं म्हणणं पडलं की आपल्याकडे कुटुंबं येतात.’ मी स्वतः तो झगा घेऊन दाखवायला गेले. ते म्हणाले, वहिनी, प्रश्न झग्याचा नाही. मग कशाचा, ते काही सांगेनात. त्याच हॉलमध्ये आदल्या महिन्यात लावणीचा कार्यक्रम झाला होता, आणि पुढच्या रांगेत बसून शिट्ट्या कोण मारत होतं ते मला नावानिशी ठाऊक आहे. लावणीबद्दल माझी तक्रार नाही, मीही टाळ्या वाजवल्या. पण तेव्हा कुटुंबं कुठे गेली होती? नवरात्रात पाठ उघडी टाकून रात्रभर गरबा चालतो, तेव्हा हीच कमिटी पाससाठी धावत असते. डिपॉझिट परत मिळालं ते ‘सफाई खर्च’ कापून. न झालेल्या कार्यक्रमाची सफाई!

हे बडोद्यात व्हावं याची जास्त चीड येते. 1880 मध्ये तंजावरच्या लक्ष्मीबाई सयाजीरावांची राणी होऊन आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर दासीअट्टमच्या, म्हणजे आजच्या भरतनाट्यमच्या, नर्तकी वादकांसकट आल्या आणि दरबारच्या पगारावर राहिल्या. संस्थानात कलावंतांसाठी वेगळा कारखाना, म्हणजे खातं, होतं. इथल्या दरबारचे गवई मौलाबक्ष, त्यांचे बडोद्यात जन्मलेले नातू इनायत खाँ 1910 मध्ये परदेशी निघाले आणि अमेरिकेत त्यांनी रूथ सेंट डेनिस नावाच्या नर्तकीच्या दौऱ्यात साथ केली. त्यांना कोणी विचारलं नाही, खाँसाहेब, तिचा पोशाख काय? कमाटीबागेच्या म्युझियममधली इजिप्तची ममी सयाजीराव महाराजांनीच आणलेली. ती बघायला आपण पोरांना हात धरून नेतो. मेलेलं इजिप्त चालतं.

माझी बहीण म्हणते पत्र पाठवू नकोस, पुन्हा चर्चा होईल. होऊ दे. सोबत भाचीचा पूर्ण फोटो जोडला आहे. छापायचा असेल तर आख्खा छापा, नाहीतर परत पाठवा, टपाल खर्च मी देईन.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, रावपुरा, वडोदरा

ता. क. गेले कितीतरी दिवस शब्दकोड्याची उत्तरं दुसऱ्या दिवशी येत नाहीत. ‘उत्तर उद्या’ असं खाली छापलेलं असतं. यजमान रोज सकाळी तेच पान आधी उघडतात आणि मग मला ऐकावं लागतं. तेवढं बघावं.