होडी फोडू नका, बाबा

पेनरिन, कॉर्नवॉल, इंग्लंड
२२ मार्च

ती. बाबा आणि ती. आईस साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर आई बोलता बोलता म्हणाली, की अक्षय्यतृतीयेला फायबरची नवी होडी येणार आणि त्याआधी मांगरातली जुनी फोडून लाकूड चुलीला काढायचं ठरलंय. मी गप्प झालो, तर तिला वाटलं रेंज गेली. रेंज गेली नव्हती, मला बोलायला सुचेना. जे सांगायचं आहे ते फोनवर सांगून होणार नाही, म्हणून कागद घेतला. बाबा, हे पत्र पूर्ण वाचा आणि मगच कुऱ्हाडीला हात लावा.

ऑक्टोबरात मी इथे एक जुनी शिडाची बोट घेतली हे तुम्हाला माहीत आहे. पण ती कोणत्या अवस्थेत होती ते मी सांगितलं नव्हतं, आईला काळजी नको म्हणून. खाडीच्या चिखलात सहा वर्षं बेवारस पडलेली होती. मधल्या जाळीवर गवत उगवलेलं, एका अंगात गुडघाभर पाणी, सुकाणूवर शेवाळ. ९०० पौंडांना मिळाली. मालकाला ती नेणारा माणूस हवा होता आणि माझ्याकडे तेवढेच पैसे होते. घराच्या कौलांसाठी पाठवतो त्यातला एक पैसाही यात गेलेला नाही, हे आधीच सांगतो. हॉटेलच्या किचनमध्ये जादा पाळ्या करतो, त्यातून हे चाललं आहे.

ही बोट म्हणजे कॅटमरान. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी आणि त्यांना जोडणाऱ्या तीन आडव्या तुळया. आपल्या होडीची उलांडी, तोल धरायला बाजूला बांबूंनी बांधलेला तो ओंडका, वाढवून तिची दुसरी होडी केली तर जशी दिसेल तशी. लांबी २६ फूट, रुंदी १५ फूट, वजन सातशे किलोच्या आसपास, आणि तरंगायला पाणी गुडघाभर पुरतं. जेम्स व्हॅरम नावाच्या माणसाने ही जात आखली. तो १९५५ साली स्वतः बांधलेल्या साडेतेवीस फुटी जोडहोडीतून दोन जर्मन मुलींना घेऊन निघाला आणि अटलांटिक ओलांडून त्रिनिदादला पोचला. लोक हसले होते त्याला. पॅसिफिकमधल्या पॉलिनेशियन लोकांच्या जोडहोड्या समुद्राला टिकतात हे त्याला दाखवायचं होतं, आणि त्याने ते दाखवलं. पुढे त्याने घरामागे, गोठ्यात, परड्यात बसून साध्या माणसाला बांधता येतील असे नकाशे काढले. २०२१ मध्ये तो वारला. त्याचं काम चालायचं ते डेव्होरन गाव माझ्या खोलीपासून बसने थोड्याच अंतरावर आहे. माझी बोटही अशीच कुणीतरी तीसेक वर्षांपूर्वी घरामागे बांधलेली.

आता बाबा, तुम्हाला आवडेल ती गोष्ट. या तुळया होडीला बोल्टने जोडलेल्या नाहीत, दोरीने बांधलेल्या आहेत. सुकाणूसुद्धा बिजागरीवर नाही, दोरीच्या आठच्या आकड्यावर फिरतं. कॅटमरान हा शब्दच मुळी तमिळ, कट्टुमरम, म्हणजे बांधलेलं लाकूड. इथल्या लोकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं. मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मी पहिल्या दिवशी ती कुजकी दोरी कापली आणि तिचे फेरे उलगडत गेलो, तर माझे हात आपोआप तुम्ही उलांडीचे बांबू बांधता तसे चालायला लागले. आधी उभे फेरे, मग त्याच फेऱ्यांना मधून आडवे आवळ. तोच हिशेब. बोल्ट एकाच ठिकाणी ताण घेतो आणि लाकूड तिथे फाटतं. दोरी ताण वाटून घेते आणि लाटेबरोबर थोडी हलू देते. हे वाक्य मी इथे शिकलो असं मला वाटलं होतं. पण तुम्ही हेच मला सातवीत असताना मालवणच्या दांडीच्या किनाऱ्यावर सांगितलं होतं, मी लक्ष दिलं नव्हतं एवढंच.

दोरी सोडली की दोन होड्या वेगळ्या होतात, याचा पैशाच्या दृष्टीने फार मोठा उपयोग झाला. इथल्या यार्डात बोट ठेवायचं भाडं लांबीवर असतं, आणि कॅटमरान रुंद म्हणून दीडपट लावतात. ते मला वर्षभर परवडलं नसतं. आम्ही चौघांनी एकेक होडी ट्रेलरवर घातली आणि एका शेतकऱ्याच्या कोठारात नेली. भाड्याच्या बदल्यात मी त्याचं कुंपण दुरुस्त करून दिलं आणि दर महिन्याला एकदा त्यांच्या घरी स्वयंपाक करतो. आईची सोलकढी त्यांना आवडते. कोकम तेवढं पाठवत राहा.

कुजणं कसं शोधायचं ते मला तुमच्यामुळे येतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळं अंग ठोकत गेलो. चांगल्या प्लायवर टणक आवाज, कुजक्यावर बद्द, पाणी आटलेल्या नारळासारखा. डाव्या होडीत झाकणाखाली तळहाताएवढा भाग बद्द वाजला. वाटलं, एवढंच. रंग खरवडला आणि आत चमचा घातला तर लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखं निघायला लागलं, अळंब्यांचा वास. कापत गेलो, कापत गेलो, संध्याकाळपर्यंत दरवाजाएवढं भोक पडलं. मी त्या भोकातून कोठाराच्या भिंतीकडे बघत बसलो होतो. त्या दिवशी सोडून द्यावं असं वाटलं हे तुम्हाला खरं सांगतो.

कारण शोधलं तेव्हा कळलं की समुद्राने काही केलं नव्हतं. खारं पाणी लाकडाला कुजवत नाही, उलट मीठ बुरशीला आवरतं. कुजवलं ते पावसाच्या गोड्या पाण्याने. झाकणाच्या एका स्क्रूचं भोक उघडं राहिलं, त्यातून सहा वर्षं थेंब थेंब पाणी प्लायच्या थरांत गेलं, आणि आत वारा नव्हता. कॉर्नवॉलचा पाऊस मालवणसारखा कोसळत नाही, पण तो थांबतही नाही.

मग दुरुस्ती. कुजक्याच्या पुढे चार बोटं चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायचं, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. नव्या प्लायचा तुकडा नुसता टेकवून चालत नाही. दोन्ही कडांना जाडीच्या आठपट लांब उतार तासायचा, म्हणजे ६ मिमीच्या प्लायला ४८ मिमीचा उतार, आणि उतारावर उतार चिकटवायचा. तासताना प्लायचे थर पट्ट्यापट्ट्यांसारखे दिसतात. त्या पट्ट्या सरळ आल्या म्हणजे रंधा बरोबर चालला. माझ्या पहिल्या तुकड्याच्या पट्ट्या वाकड्या आल्या, तो फेकला. तिसरा बसला.

चिकटवायला इपॉक्सी. दोन द्रव वजन करून मिसळायचे, मी हॉटेलातला मसाल्याचा जुना काटा आणला आहे. पुढे सिलिकाची पूड घालून श्रीखंडाइतकं घट्ट करायचं. भांड्यात खोल ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने धुमसायला लागतं, म्हणून उथळ ताटात पसरायचं. हातमोजे कायम, कारण एकदा त्याची ॲलर्जी जडली की माणसाला ते काम कायमचं सोडावं लागतं. आई, मी हातमोजे घालतो, आणि जुना रंग घासताना मास्कही. तळाच्या जुन्या रंगात तांब्याचं विष असतं, तो पाणी मारूनच घासायचा, आणि खाली कापड अंथरून पूड गोळा करायची. चिखलात सांडलेली पूड शिंपल्यांना मारते.

जानेवारीत मात्र माझ्या घाईने नुकसान केलं. कोठारात ५-६ अंश तापमान होतं आणि मी दोन दिवस सुट्टी आहे म्हणून पूर्ण बाजूला इपॉक्सी लावून टाकलं. आठवड्याने गेलो तर तसंच चिकट, फणसाच्या चिकासारखं. सगळं खरवडून काढावं लागलं. दीडशे पौंडांचा माल आणि चार रविवार गेले. आता दुरुस्तीच्या जागेवर जुन्या गोधडीचा तंबू करतो, आत छोटा हीटर, आणि १५ अंश दाखवल्याशिवाय डबा उघडत नाही. सुकल्यावर वर मेणचट थर येतो, तो साध्या पाण्याने धुवायचा. तो तसाच ठेवून रंग दिला तर रंग सालीसारखा निघतो. वर रंग द्यावाच लागतो, कारण इपॉक्सीला ऊन सोसत नाही.

शीड जुनंच आहे, मी हाताने टाके घातले. डोलकाठी चांगली निघाली. तारा नवीन घेतल्या, तिथे काटकसर केली नाही. दोरी, प्लाय, इपॉक्सी, रंग, एक वापरलेलं सहा हॉर्सपॉवरचं इंजिन, सगळं धरून आजपर्यंत साधारण ३,१०० पौंड झाले. या मापाची तयार बोट मला झेपली नसती.

आता आपल्या होडीबद्दल.

तुम्ही म्हणाल, तिकडे मुलगा एवढं इपॉक्सी शिकला आहे तर येऊन होडीला चोपडेल. तसं मी करणार नाही. आजूबाजूचे लोक जुन्या लाकडी होडीवर फायबर चढवून घेतात ते मला माहीत आहे. पण प्लाय थरांचं असल्यामुळे फार फुगत-आकसत नाही, म्हणून त्याला इपॉक्सी चालतं. आपली होडी खाली कोरलेला आंबा आणि वर काथ्याने शिवलेली फळी. ते लाकूड पावसात फुगतं, वैशाखात आकसतं. त्यावर कडक कवच चढवलं तर ते तडकणार, पाणी आत जाणार, बाहेर यायला वाट नाही, आणि दोन वर्षांत आतून पीठ. म्हादेई ही शिडाची बोट लाकडाच्या पट्ट्यांवर इपॉक्सी आणि काचेचं कापड चढवून गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधली, आणि नौदलाचे दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१० मध्ये परत आले. तुम्ही पेपरातला तो फोटो देव्हाऱ्याशेजारी लावला होता. पण ती पहिल्यापासून तशी बांधलेली, चारी बाजूंनी बंद. आपल्या होडीला आजोबांपासून चालत आलं तेच हवं: शिवण नवी आणि उंडीचं तेल. तुम्ही दर वर्षी करत होता ते अगदी बरोबर होतं. मला एवढे पैसे आणि एवढे रविवार घालवून हे समजलं.

फायबरची होडी जरूर आणा. मासेमारीला तीच सोयीची, तुमच्या पाठीलाही. माझं म्हणणं एवढंच, की जुनीला जागा द्या. मी मे महिन्याच्या १० तारखेला येतोय, तीन आठवडे आहे. शिवणीचं काम मला तुमच्या हाताखाली शिकायचं आहे. दांडीला आता शिवणारे किती उरले आहेत ते तुम्हालाच ठाऊक.

तोवर तीन गोष्टी करून ठेवा. तिच्यावरची निळी ताडपत्री काढा, तिच्याखाली घाम धरतो. जमिनीवरून उचलून चिऱ्यांवर ठेवा, खालून वारा जाऊ दे. आणि मुठीने सगळीकडे ठोकून बद्द वाजेल तिथे खडूने खूण करा. तुम्ही म्हणायचात ना, "झिला, लाकूड आधी ऐकूचा, मगे तासूचा."

आमची बोट एप्रिलमधल्या अमावास्येच्या उधाणाला पाण्यात जाईल. आईने पाठवलेलं कालनिर्णय आणि इथलं भरतीचं वेळापत्रक शेजारी शेजारी लावलं आहे, तिथी दोन्हीकडे जुळतात. फरक एवढाच की आपल्याकडे उधाणाची भरती दुपारच्या जेवणाच्या सुमारास, इथे पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाला. पाणीही जास्त चढतं, जवळजवळ पाच मीटर. ओहोटीला बोट चिखलात दोन्ही अंगांवर सरळ उभी राहते, क्रेनची गरज नाही. तळाचा शेवटचा हात तेव्हाच मारणार आहे. आई, नारळ इथल्या दुकानात मिळतो, मी आणून ठेवला आहे.

एक काम राहिलं. उलांडीच्या आडव्या बांबूंची लांबी आणि पांगाऱ्याच्या ओंडक्याची जाडी मोजून फोनवर सांगा. ओंडका हलका झाला असेल तर आतून गेला आहे, मग नवा पांगारा आत्ताच तोडून सावलीत सुकत घालायला हवा. मे महिन्यापर्यंत तो तयार होणार नाही, पण पुढच्या वर्षी कामाला येईल.

ताईच्या पोरांना गोड पापा.

तुमचो झील