व्होल्टेज आधी खांबावर सुधारा

महोदय,

नागपूरच्या बेसा, मनीषनगर भागातल्या फ्लॅट स्कीममध्ये सध्या ‘व्होल्टेज ऑप्टिमायझर’ विकणारे फिरत आहेत. मेन स्विचजवळ पेटी बसवा, घरातले व्होल्टेज थोडे उतरेल आणि बिल घसघशीत कमी येईल, असा त्यांचा दावा. मी परवानाधारक विद्युत कंत्राटदार आहे. ग्राहक सारखे विचारतात, म्हणून हे पत्र.

पेटी बनावट असतेच असे नाही. आतला ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज खरोखर उतरवतो. ही कल्पना इंग्लंडमध्ये चालली, कारण तिथे कागदावर २३० व्होल्ट झाले तरी घरात २४०च्या आसपासच येत राहिले. आपल्याकडे मेमध्ये संध्याकाळी सगळे कूलर-एसी एकदम सुरू झाले की लाइनच्या शेवटच्या खांबावर २०० व्होल्टसुद्धा धड मिळत नाहीत. त्यातून आणखी काय उतरवणार? ठरावीक टक्के कापणारी पेटी असेल तर एसीचा स्टॅबिलायझर तेच व्होल्टेज पुन्हा चढवत बसतो. एक पेटी उतरवते, दुसरी चढवते आणि दोन्ही आपापली वीज खातात.

प्रात्यक्षिकात विक्रेता शंभर वॅटचा पिवळा बल्ब लावून वॅटमीटर दाखवतो. वॅट उतरतात, मंडळी खूश. उजेडही उतरलेला असतो. भरदुपारी तो कोण बघतो? त्याच पेटीवर गिझर लावायला सांगा. २३० व्होल्टवर २००० वॅट घेणारा गिझर २१० व्होल्टवर सुमारे १६७० वॅट घेतो हे खरे, पण थर्मोस्टॅट ठरलेल्या तापमानालाच वीज तोडतो. पाणी तापायला तेवढा वेळ जास्त लागतो, युनिट जवळपास तितकेच. इन्व्हर्टर एसी, टीव्ही, एलईडी दिवे कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढून आपले काम पूर्ण करतात. जुना पंखा, कूलरची मोटर यांत थोडी बचत दिसते, पण हवाही मंदावते. नागपूरच्या उन्हाळ्यात ती बचत कोणाला हवी?

‘पॉवर सेव्हर’ म्हणून खपवली जाणारी कपॅसिटरची डबी तर त्याहून निरुपयोगी. वायरीभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर करंट कमी दिसतो, पण घरगुती बिल युनिटवर येते, करंटवर नाही.

पेटी बसवायला मेनच्या वायरी सोडाव्या लागतात आणि घराचा सगळा लोड तिच्यातून जातो. एक जोड ढिला राहिला तरी तो तापून काळा पडतो. असा जळका टर्मिनल ब्लॉक मी एका ग्राहकाकडे बदलला आहे. त्यापेक्षा तोच पैसा पंख्यांत घाला. ७५ वॅटच्या पंख्याऐवजी ३० वॅटचा बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा) पंखा दिवसाला १५ तास चालला तर महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात, हवाही तेवढीच.

व्होल्टेज खरोखर सतत जास्त येत असेल, तर उपाय आपल्या भिंतीवर नाही. ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी) बदलणे, न्यूट्रलचे जोड घट्ट करणे, तिन्ही फेजवर लोड सारखा वाटणे ही वीज कंपनीची कामे. १९५६च्या वीज नियमांतही कमी दाबाच्या पुरवठ्यात ६ टक्क्यांहून अधिक चढउतार नसावा, असे होते. ग्राहकांनी मल्टिमीटरवरचे आकडे वेळेसह टिपून १९१२वर तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. वीज कंपनीनेही एप्रिल लागण्यापूर्वी प्रत्येक ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या आणि शेवटच्या खांबावर व्होल्टेज मोजून ते आकडे जाहीर करावेत, ही मागणी.

— एक विद्युत कंत्राटदार, नागपूर