डॉ. पेर हॉल्मिक यांना इंदूरच्या मलखांबाकडून आभाराचं पत्र

आदरणीय डॉ. हॉल्मिक यांना,
सादर नमस्कार, विनंती विशेष.

मी इंदुरात मलखांब शिकवते. तुम्ही कोपनहेगनचे हाडांचे सर्जन. खुबा, जांघ आणि खेळाडूंच्या दुखापती यांवर तुम्ही वर्षानुवर्षं लिहीत आलात, पण ते बहुतेक फुटबॉलवाल्यांबद्दल. मलखांबाचा त्यात उल्लेख असायचं कारणच नाही. तरीही १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या तुमच्या शोधनिबंधामुळे आमची एक मुलगी पुन्हा खांबावर चढली, म्हणून हे पत्र. मराठीत लिहिते आहे, कारण ते तुमच्याइतकंच इथल्या आईबापांनी आणि वस्तादांनीही वाचावं अशी इच्छा आहे. तुमच्यासाठी इंग्रजी करून पाठवायचं काम आमच्या फिजिओताईने अंगावर घेतलं आहे.

मलखांब तुम्ही पाहिला नसेल तर थोडं सांगते. जमिनीत पुरलेला लाकडी खांब, बुंध्याशी जाड, मानेकडे निमुळता होत गेलेला, वर बोंड. त्याला एरंडेल चोळलेलं, म्हणजे आधीच निसरडा, वर पोरांचा घाम. हातांनी खांब धरायचा, पाय वर न्यायचे आणि उलटं होऊन मांड्यांमध्ये खांब आवळायचा, ही आमची अढी. हात सोडले की सगळं अंग मांड्यांच्या आतल्या स्नायूंवर तोललेलं. शिकाऊ पोरसुद्धा एका संध्याकाळी किती अढ्या मारतं याची मोजदाद कुणी ठेवत नाही. मध्य प्रदेशाने २०१३ साली मलखांबाला राज्याचा खेळ केलं, त्यानंतर आमच्याकडे मुली जास्त येऊ लागल्या. त्यांच्याबरोबर जांघेची दुखणीही आली.

जिच्याबद्दल लिहिते आहे ती तेव्हा बारावीत होती. आधी सराव झाल्यावर जांघेत नुसती ओढ, मग चढताना कळ, पुढे पुढे तर स्कूटीवर टांग टाकतानाही तिचा चेहरा कसनुसा व्हायचा. अढीत हात सोडले की खालून मला तिचा उजवा गुडघा खांबापासून किंचित सुटताना दिसे आणि डावा पाय दुप्पट जोराने आवळलेला. घरच्यांनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. आजीचा हळदीचा लेप झाला, शेक झाला, एका दवाखान्यात लेझर, दुसरीकडे मालिश आणि स्ट्रेचिंग. सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच, आराम करा. आराम केला की बरं वाटायचं, कारण आरामात दुखण्यासारखं काही घडतच नाही. पुन्हा खांबाला हात लावला की ये रे माझ्या मागल्या. एका डॉक्टरांनी तर खेळच सोड म्हणून सांगितलं, आणि तिच्या वडिलांना ते लगेच पटलं. बोर्डाचं वर्ष, त्यांना निमित्तच हवं होतं.

आमची फिजिओताई मूळची आखाड्यातलीच, लहानपणी माझ्याकडे दोरीवर चढायची. तिने पहिल्या भेटीत व्यायामाचं नावही काढलं नाही. आधी खुब्याचा सांधा तपासून घ्या म्हणाली, एक्स-रे काढायला लावला. वाढत्या वयात मांडीच्या हाडाचा गोल माथा, हाड जिथे वाढतं त्या पट्टीपाशी सरकू शकतो, आणि ते दुखणं जांघेत, कधी नुसतं गुडघ्यातही जाणवतं. तिथे व्यायामाचा उपयोग नाही, ताबडतोब सर्जन लागतो. हे मी मुद्दाम लिहिते आहे. नाहीतर हे पत्र वाचून कुणी तरी उद्या सकाळी पोराच्या पायांत चेंडू देऊन व्यायाम करवून घ्यायचा.

खुबा साफ निघाला. मग ताईने तिला टेबलावर निजवलं आणि बोटाने चाचपत गेली. मांडीच्या आतला लांब स्नायू जघनास्थीला, म्हणजे ओटीपोटाखालच्या हाडाला, जिथे चिकटतो तिथे बोट टेकलं मात्र, पोरगी कळवळली. पाय जवळ आण म्हटलं, हाताने विरोध केला, पुन्हा तीच जागा, तीच कळ. खुब्याच्या पुढचा स्नायू वेगळा तपासला, पोटाखालची बाजू वेगळी. मला आधी हा सगळा खटाटोप वाटला. नंतर तिने तुमचं २००७ सालचं काम समजावून सांगितलं. २०७ रुग्ण तपासून तुम्ही दाखवलंत की जांघेचं जुनं दुखणं मुख्यतः तीन तऱ्हांचं असतं आणि बऱ्याच जणांत एकाहून जास्त तऱ्हा एकत्र नांदतात. पुढे २०१४ च्या नोव्हेंबरात दोहा इथे १४ देशांतले २४ जाणकार एकत्र बसले, त्यांत तुम्हीही होतात. त्या बैठकीआधी जाणकारांना दोन सरळसाधे रुग्ण कागदावर लिहून दिले आणि निदान विचारलं, तर पहिल्या रुग्णाला ९ आणि दुसऱ्याला ११ वेगवेगळी निदानं आली म्हणे! हे ऐकून मला आधी हसू आलं, मग जीव भांड्यात पडला. आमच्या पोरीला दर दवाखान्यात नवं निदान मिळत होतं आणि तिची आई मलाच विचारत होती की खरं कोण बोलतंय. जगातल्या जाणत्यांचीही तीच गत असेल तर इथल्या डॉक्टरांवर तरी किती रागवायचं?

आता ज्याबद्दल आभार मानायचे ते. तुम्ही ६८ खेळाडू घेतलेत, सगळ्यांचं जांघेचं दुखणं जुनं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केलीत. एका गटाला लेझर, घासून मालिश, स्ट्रेचिंग आणि विजेचे हलके झटके. म्हणजे आमच्या पोरीवर जे जे झालं होतं जवळजवळ तेच. दुसऱ्या गटाला ८ ते १२ आठवडे नुसता व्यायाम, तोही दुखऱ्या स्नायूलाच कामाला लावणारा. मांडीच्या आतल्या स्नायूंचं स्ट्रेचिंग या गटाला दिलंच नाही. शेवटी न दुखता पूर्वीच्याच दमाने खेळायला लागलेले किती, तर व्यायामवाल्यांत २३ आणि दुसऱ्या गटात ४.

हा २३ आणि ४ चा हिशेब मी तिच्या वडिलांसमोर कागदावर मांडला. हिशेबनीस माणूस, दुसरं काही त्यांना पटलं नसतं. तरी म्हणालेच, “चार दिवस बरं वाटलं असेल, पुढे काय?” त्याचंही उत्तर तुमच्याकडे तयार! त्याच खेळाडूंना ८ ते १२ वर्षांनी पुन्हा गाठून तुम्ही तपासलंत आणि २०११ मध्ये छापलंत की व्यायामाचा फायदा तेव्हाही टिकून होता. अभ्यास पूर्ण केलेल्या ५९ पैकी ४७ जणांना इतक्या वर्षांनी शोधून काढायचं, हे काम मला निम्म्या औषधांच्या संशोधनापेक्षा मोठं वाटतं. आमचे दोन वर्षांपूर्वीचे विद्यार्थी फोन उचलत नाहीत.

खरं सांगायचं तर वडील आकड्यांनी अर्धेच वळले. बाकीचं काम दुसऱ्या एका कागदाने केलं. तुमचे सहकारी क्रिस्टियन थोरबोर्ग यांच्याबरोबर तुम्ही २०११ मध्ये तयार केलेली ३७ प्रश्नांची प्रश्नावली, हॅगोस, ताईने मुलीला भरायला दिली होती. त्यात अगदी साधा प्रश्न आहे: खुब्याच्या किंवा जांघेच्या दुखण्याची जाणीव तुम्हांला किती वेळा होते? तिने ‘सतत’वर खूण केली. वडील मागे उभे राहून वाचत होते. घरी तिने एवढं कधी बोलून दाखवलंच नव्हतं. काही न बोलता त्यांनी संध्याकाळी तिला ने-आण करायची कबुली दिली.

तुमच्या निबंधाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की त्यात व्यायाम स्वयंपाकाच्या कृतीसारखे लिहिले आहेत. किती वेळ, किती वेळा, काय कशानंतर, सगळं. पाठीवर निजून दोन्ही पावलांमध्ये फुटबॉल धरायचा आणि ३० सेकंद दाबायचा, असं दहादा. मग तोच चेंडू गुडघ्यांमध्ये. पोटाचे व्यायाम, एका पायावरचा तोल, आणि तिसऱ्या आठवड्यापासून पुढची पायरी. फुटबॉल शेजारच्या मुलाचा आणला, रोज संध्याकाळी मुलगा तो परत मागायला यायचा. तोल सांभाळायची डगमगती फळी सुताराने करून दिली. तुमचा घसरपाट मात्र कुठून आणणार? कोटा फरशीवर पायात लोकरी मोजा घालून पाय बाजूला सरकवला, काम भागलं. पहिल्या आठवड्यात पोरगी रडकुंडीला आली. चेंडू दाबायचा म्हणजे नेमकं दुखतं तेच करायचं! मीही मनातून धास्तावले होते, कारण आमच्या वस्तादांनी दुखऱ्या अंगाला हात लावू नये असंच शिकवलेलं.

कधी वाढवायचं आणि कधी थांबायचं, हे कळायला तुमच्याच मंडळींची पाच सेकंदांची चाचणी उपयोगी पडली. पाय सरळ ठेवून पावलांमध्ये दुसऱ्याचा हात पाच सेकंद जोरात दाबायचा आणि दुखणं ० ते १० मध्ये सांगायचं. दोनपर्यंत हिरवा दिवा, पाचपर्यंत पिवळा, त्यावर लाल. आता आखाड्यात सरावाआधी मुली एकमेकींची ही चाचणी स्वतःच घेतात आणि “ताई, आज पिवळा” असं ओरडून सांगतात. त्यातल्या दोघी-तिघी अंगचोर आहेत, त्यांचा रोजच पिवळा असतो, तो भाग वेगळा.

ती मुलगी परीक्षेनंतर खांबावर चढली. आधी साध्या पकडी, अढी बऱ्याच उशिरा, आणि हात सोडून अढी अगदी शेवटी. गुडघा आता सुटत नाही.

आणखी एका गोष्टीसाठी आभार, ती कदाचित तुम्हांला चमत्कारिक वाटेल. दुखणं होऊच नये म्हणून असलेच व्यायाम तुम्ही फुटबॉल क्लबांना देऊन पाहिलेत आणि २०१० मध्ये निकाल छापलात: धोका ३१ टक्के कमी दिसला, पण तो योगायोगही असू शकतो, छातीठोक सांगता येत नाही. स्वतःचाच उपाय सिद्ध झाला नाही हे इतक्या सरळ लिहिणारी माणसं मी थोडी पाहिली आहेत. आमच्याकडे तेल विकणारासुद्धा शंभर टक्के गुण सांगतो. पुढे २०१९ साली नॉर्वेतल्या संशोधकांनी तुमच्या शहराच्या नावाने ओळखला जाणारा व्यायाम फुटबॉलपटूंना दिला, जोडीदाराने वरचा पाय धरायचा आणि कोपरावर आडवं अंग उचलायचं, आणि जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्के कमी झाला. त्याला ना यंत्र लागतं ना पैसा, एक मैत्रीण पुरते. आमच्याकडे तो आता सूर्यनमस्कारांनंतर लगेच होतो.

एक गोष्ट मात्र राहून राहून टोचते. १९९९ च्या त्या अभ्यासात सगळे पुरुष होते. चेंडूला लाथ मारताना मांडीवर येणारा ताण वेगळा आणि उलटं लटकून खांब आवळताना येणारा वेगळा, एवढं मलाही कळतं. तुमचे आकडे आमच्या मुलींना किती लागू पडतात, हे कुणी तरी मोजायला हवं. तुमच्या एखाद्या विद्यार्थ्याला ते मोजावंसं वाटलं तर खांब इथे आहे, मुली आहेत, फिजिओताई आहे. रोज संध्याकाळी साडेपाच ते आठ. रविवारी सकाळी.

आपली नम्र,
मलखांबाची एक शिक्षिका, इंदूर