स्कोप घ्यायच्या आधी हे वाच

पिट्सबर्ग, रविवार रात्र

प्रिय पम्या,

तुझा मेसेज वाचला. थ्री-ओ-एट रायफल घेतलीस, कोलोरॅडोचं हंटर एज्युकेशन पण झालं, आणि आता २५ पट मोठं दाखवणारा स्कोप कार्टमधे टाकून बसलायस. मर्दा, थांब जरा. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस म्हणून लिहितोय.

आधी माझी फजिती ऐक. पहिल्या वर्षी मी पण ६-२४ बाय ५० घेतला होता, म्हणजे ६ ते २४ पट आणि पुढची काच ५० मिलिमीटरची, आकडा मोठा म्हणजे माल भारी, आपलं डोकं तेवढंच. थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार, इथं पेनसिल्व्हेनियात हरणाचा रायफल सीझन त्या दिवशी सुरू होतो, पहाटेपासून ओकच्या बुंध्याला टेकून बसलेलो, अंगात ती भडक नारिंगी बंडी, पायाची बोटं जागेवर आहेत का नाहीत तेही कळत नव्हतं. साडेचारच्या सुमाराला एक नर आला, जेमतेम साठ यार्डावर. रायफल उचलली तर स्कोपमधे नुसते तपकिरी केस! मान का पोट का झाडाची साल, काही पत्ता नाही. दुपारी लांबचा उतार बघायला २४ वर फिरवलेला, तो तसाच राहिला होता. पट बदलायची रिंग फिरवायला हात वर नेला तेवढ्यात शेपटीचं पांढरं फडकं दाखवून गडी पसार.

म्हणून म्हणतो, आधी खालचा आकडा बघ, वरचा नंतर. एल्क, म्हणजे ते तुमच्याकडचं थोरलं हरीण, काय सगळे पाचशे यार्डावर उघड्यावर उभे राहून तुझी वाट बघत नाहीत, दाट झाडीत एकदम समोर उभा ठाकतो, तिथं २ किंवा ३ पट असेल तरच तुला अख्खं जनावर दिसेल.

आणि उजेडाचं गणित तर कुणी सांगतच नाही. पुढच्या काचेच्या व्यासाला पटीनं भागायचं, जे येईल तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत तुझ्या डोळ्यात येतो. माझं ५० भागिले २४, म्हणजे दोनच मिलिमीटर. संध्याकाळी आपली बाहुली पाच-सहापर्यंत उघडते, मग दिसणार काय, काळोख! त्याच जागी साधा ३-९ बाय ४० घेऊन ६ वर ठेवलास तर साडेसहा मिलिमीटरच्या वर मिळतात. सूर्य मावळल्यावर अर्धा तास कायद्यानं चालतं तुमच्याकडं पण, आणि जनावर नेमकं त्याच अर्ध्या तासात बाहेर पडतं. तेव्हा काच चांगली पाहिजे, पट नव्हे.

तू म्हणशील आम्ही कोल्हापूरचे, नेमबाजी आमच्या रक्तात. हो रे बाबा, स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमधे ब्राँझ आणलं ते ५० मीटरवर, आणि त्या रायफलीला भिंगाचा स्कोप नसतोच, बारीक भोकातून बघायचं असतं! तुझ्या आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीला तर नुसती माशी होती.

तुला वीकेंडला लांबच्या लोखंडी प्लेटा पण वाजवायच्यात, मान्य. मग ३-१५ बाय ४४ च्या आसपास काहीतरी बघ, ३० मिलिमीटरची नळी, बाजूला पॅरॅलॅक्सचा नॉब, डोळा जरा हलला तरी क्रॉस निशाणावरून सरकू नये म्हणून. नळी जाड म्हणजे उजेड जास्त असं दुकानदार सांगेल, ऐकू नकोस, जाड नळीत क्रॉस वरखाली करायला जागा जास्त मिळते एवढंच. रेटिकल, म्हणजे आतला तो क्रॉस, फर्स्ट फोकलचं का सेकंड फोकलचं यावर लोक इथं भांडतात. फर्स्टमधे रेटिकल पटीबरोबर लहानमोठं होतं, त्यावरची मापं कुठल्याही पटीवर बरोबर येतात, पण ३ वर आणलं की रेषा केसासारख्या होतात आणि झाडीत गायब. सेकंडमधे ते आहे तेवढंच दिसतं. तुझी शिकार पहिली, म्हणून माझं मत सेकंड, लांबच्याला टरेट, म्हणजे क्रॉस हलवायचा वरचा नॉब, फिरव. २०० यार्डावर झिरो केलीस, म्हणजे क्रॉस धरशील तिथंच गोळी लागेल असं बसवलंस, तर ३०० ला गोळी आठ-नऊ इंच खाली जाते, तेवढं डोळ्यानं निभतं, पण ५०० ला चारेक फूट जाते, तिथं अंदाज धरलास तर जनावर जखमी होऊन पळेल. वर ताशी दहा मैलाचा आडवा वारा पावणेदोन फूट ढकलतो, ते स्कोप सांगत नाही.

टरेटवरचं कोनाचं माप एमओए का मिल, तर मिल. आपण सेंटिमीटरवर वाढलेली पोरं, १०० मीटरला एक मिल म्हणजे १० सेंटिमीटर, एक क्लिक एक सेंटिमीटर, विषय संपला. फक्त रेटिकल आणि टरेट दोन्ही मिलचेच बघून घे, स्वस्तातल्यात कधीकधी एक इकडचं एक तिकडचं असतं.

आय रिलीफ, म्हणजे डोळा आणि स्कोपची मागची काच यातलं अंतर, साडेतीन इंचाच्या खाली नको. मी एकदा उताराकडं तोंड करून आडवा पडून, मान पुढं घालून चाप ओढला, स्कोप सरळ भुवईवर. अर्धा चंद्र उमटला, रक्त नाकापर्यंत. आईनं व्हिडिओ कॉलवर विचारलं काय लागलं रे, म्हटलं कपाटाचं दार. तिला अजून वाटतं माझ्या घरातली कपाटं बेकार आहेत.

तुझे आठशे डॉलर सगळे काचेत घालू नकोस, रिंगा आणि बेसला, म्हणजे स्कोप रायफलीवर बसवायच्या सामानाला, शंभर-दीडशे ठेव, आणि थोडे गोळ्यांच्या डब्यांना. स्क्रू हातानं अंदाजे पिळू नकोस, टॉर्क रेंच, म्हणजे मोजून जोर लावणारा पाना, आण, रिंगेवर जो आकडा लिहिलेला असेल तोच, बहुतेक १५ ते १८ इंच-पाउंड असतो. डोंगरात दहा हजार फुटावर गेलास की जीपच्या धक्क्यांनी झिरो हलली का ते कॅम्पवर दोन गोळ्या मारून बघ. विरळ हवेत लांबची गोळी थोडी वर लागते, गोळीचा हिशोब करणाऱ्या ॲपमधे तिथलाच हवेचा दाब टाक. आणि स्कोपमधून कुणाचा तंबू, कुणाची बंडी बघायची नाही, त्याला गळ्यात दुर्बीण असते!

कार्ट रिकामी कर, आणि रिंगा आल्या की आवळायच्या आधी फोटो पाठव.

तुझा,
बाळ्या