दुसरं गिऱ्हाईक

नागपूर

चि. सुमेध,
सप्रेम जय भीम.

घरच्या ग्रुपवरचा तुझा मेसेज तुझ्या आईने मोठ्याने वाचून दाखवला, मग मी चष्मा लावून परत वाचला. ‘बाजार जात विचारत नाही, सरकार विचारतं. सरकारने धंद्यातून अंग काढून घेतलं की समता आपोआप येईल.’ त्याखाली आत्याने टाकलेला रागीट चेहराही पाहिला. ग्रुपवर दोन ओळींच्या वर कोणी वाचत नाही, म्हणून हे पत्र.

जातीचं आधी उरकून टाकतो. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी 2007 साली एक अभ्यास छापला. वर्तमानपत्रांत खासगी कंपन्यांच्या नोकऱ्यांच्या जाहिराती येतात, त्यांना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावात. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावापेक्षा कमी निघाली, मुसलमान नावाच्या अर्जाला त्याहूनही कमी. त्याआधी जवळजवळ ऐंशी वर्षं, 1928च्या संपात, बाबासाहेबांना मुंबईच्या गिरण्यांतल्या कापड खात्याचा प्रश्न काढावा लागला होता. विणकामाला पगार जास्त, आणि तिथे आपल्या माणसाला मज्जाव. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल. हिशोबाने पाहिलं तर स्वस्त आणि कुशल हात मिळत असताना मालकाने ते नाकारायला नको होते. त्याने नाकारले, कारण बाकीचे कामगार बिथरले असते. म्हणजे बाजार जात विचारतो बाबू, फक्त मोठ्याने विचारत नाही.

पण सरकारबद्दल तू जे लिहिलंस त्यातलं अर्धं खरं आहे. ते अर्धं मी तुझ्या नानाजींकडून शिकलो.

काटोलकडे त्यांची पाच-सहा एकर कोरडवाहू. 1972च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस विकायचा तर सरकारी केंद्रावरच. व्यापाऱ्याला विकला तर गुन्हा. कल्पना वाईट नव्हती. त्याआधी व्यापारी खेडा खरेदीत मनाला येईल तो भाव द्यायचा, वजनात मारायचा, आणि त्याचीच उधारी डोक्यावर म्हणून कास्तकार तोंड उघडत नव्हता. योजनेत पाटलाच्या कापसाला आणि नानाजींच्या कापसाला एकच भाव, तोही आधी जाहीर केलेला. कागदावर याहून मोठी समता कोणती असते?

आता केंद्रावर चल. फाटकाबाहेर बंड्यांची रांग, बैलांना कडबा घरून आणलेला, रात्र थंडीत बंडीखाली. सकाळी ग्रेडर येतो, मुठीत कापूस घेतो, दाबतो, आणि ग्रेड सांगतो. भाव मुंबईत ठरला होता, पण नानाजींच्या कापसाला तो लागू होणार की खालचा, हे या एका माणसाच्या तोंडून ठरायचं. ‘कवडी आहे’, म्हणजे खराब कापूस, असं म्हणाला की संपलं. जायचं कुठे? दुसरं गिऱ्हाईकच कायद्याने बंद. पाटलाची बंडी रांगेत कुठेही असली तरी काट्यावर आधी चढायची आणि त्याच्या कापसात ओल कधी सापडायची नाही. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हप्त्याहप्त्याने, त्यातून भांडवलाच्या नावाने कपात. ‘व्यापारी लुटे, पण चहा तरी पाजे’, असं नानाजी म्हणत, आणि पुढच्याच वाक्यात व्यापाऱ्यालाही शिवी देत.

शेजारच्या राज्यात भाव चढला की रातोरात माल मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याकडे निघायचा. नाक्यावर पकडला गेला की कास्तकार स्वतःच्याच वावरातल्या कापसाचा तस्कर. भाव पडला की गंगा उलटी वाहायची: बाहेरचा स्वस्त कापूस व्यापारी शेतकऱ्यांच्या नावावर केंद्रात घालायचे आणि तोटा तिजोरीवर पडायचा. 2002च्या सुमारास एकाधिकार संपला. रडलं कोणीच नाही.

मग मामाचे दिवस पालटले का? 2021-22च्या हंगामात कापूस क्विंटलला 10,000 रुपयांच्या वर गेला, आठवतं ना, तू केवढा खूश झाला होतास. मामाने त्याचा कापूस दिवाळीनंतर लगेच विकला होता. कृषी केंद्राची बियाण्या-खताची उधारी, वेचणीची मजुरी, पिंकीची फी. वरचा भाव ज्यांच्याकडे गोदाम आणि दम होता त्यांच्या पदरात पडला. मामाला कोणी फसवलं नाही, काट्यात मारलं नाही. त्याला थांबता आलं नाही एवढंच. आणि बाजार ‘खुला’ म्हणतोस, तर 2025 सालचं बघ. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये जाहीर झाला, आणि ऑगस्टमध्ये, वेचणी तोंडावर असताना, केंद्राने परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठवलं. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता. त्यांचं म्हणणं दिल्लीत पोचतं, मामाचं काटोलच्या पुढे जात नाही. सरकारने अंग काढलेला बाजार मी तरी अजून पाहिलेला नाही. सरकार कोणाच्या बाजूने हात घालतं एवढाच फरक पाहिला.

म्हणून ‘बाजार की सरकार’ हा प्रश्न मी वेगळ्या जागेवरून विचारतो. काट्यासमोर उभा असलेला माणूस ‘नाही देत’ म्हणून बंडी परत वळवू शकतो का? नानाजी वळवू शकत नव्हते कारण गिऱ्हाईक एकच. मामा वळवू शकला नाही कारण कर्ज. दोघांची गत सारखीच झाली.

1947 साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी केलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी हेच नेमकं धरलं होतं. मूलभूत उद्योग सरकारचे, शेतजमीन सरकारी करून गटाने कसायची, विमा फक्त सरकारचा. तू म्हणशील, जुनाट. पण त्यामागचा मुद्दा वाच. सरकारपासून मोकळीक म्हणजे पुष्कळदा खासगी मालकाची हुकूमशाही, कारण बेकारासमोर नोकरी ठेवून ‘हक्क सोड’ म्हटलं तर तो बिचारा हक्कच सोडणार. याला उत्तर तुझ्या मेसेजमध्ये नाही. सरकार मात्र हुकूमशहा होऊ नये म्हणून त्यांचा भरवसा संसदीय लोकशाहीवर होता. इथे माझं मन थोडं अडतं. संसद ग्रेडरच्या टेबलापर्यंत पोचत नाही. वस्तीत हे बोललो तर माझी बुद्धी काढतील, तुला सांगून ठेवतो. आणि जिथे संसदही नावापुरती होती त्या रशियात सामुदायिक शेतीवरच्या शेतकऱ्याला देशातल्या देशात हिंडायचा पासपोर्टसुद्धा 1974चा हुकूम निघेपर्यंत हक्काने मिळत नव्हता. मालक एक, गिऱ्हाईक एक, आणि गाव सोडायची सोय नाही. त्याला समता म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मालक चांगला असला तर? तेही आपल्या नागपुरातच होऊन गेलं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली. कामगारांसाठी पेन्शन फंड 1886 मध्ये, अपघाताची भरपाई 1895 मध्ये. भरपाईचा कायदा देशात यायला 1923 उजाडलं. सरकारच्या कितीतरी आधी एका धंदेवाल्याने हे केलं, हे मानायलाच हवं. पण ते त्याच्या मनात होतं म्हणून झालं. पुढे 1986 मध्ये गिरणी राज्य सरकारकडे गेली, 2002 मध्ये बंद पडली. आज तिथे मॉल आहे, जिथे तू बूट घेतलेस.

आता माझं स्वतःचं. मी बँकेत लागलो ते 1969च्या राष्ट्रीयीकरणामुळे. त्या वर्षी देशात बँकांच्या 8,262 शाखा होत्या, 1991 पर्यंत 60,000च्या घरात गेल्या. खासगी बँक खेड्यात कशाला आली असती, आणि आरक्षणाशिवाय मला काउंटरच्या आत कोणी घेतलं असतं? माझे वडील, आबाजी, गिरणीत बदली कामगार, मी अधिकारी होऊन निवृत्त झालो. ही उडी बाजाराने मारू दिली नाही. पण त्याच काउंटरवर एकात्मिक ग्रामीण विकासाची कर्जं मी वाटली. अनुदानात दलालाचा वाटा, पंचायत समितीतून चिठ्ठी, आणि एकच म्हैस वेगवेगळ्या कर्जदारांच्या फोटोत. ती म्हैस मला अजून ओळखू येईल.

आत्या तुला फ्रेंच अर्थतज्ज्ञ पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आकडे तोंडावर फेकेल. वरच्या एक टक्का लोकांकडे 1982च्या सुमारास देशाच्या उत्पन्नाचे 6 टक्के जात, 2022-23 मध्ये 22.6 टक्के. आकडे खरे मानून चाल. पण त्या सहा टक्क्यांवर भाळू नको असं मी तिलाही सांगितलं आहे. स्कूटरसाठी, फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावायचे ते दिवस. ज्याची मंत्रालयात ओळख त्याला महिनाभरात फोन. ही ओळख उत्पन्नाच्या आकड्यात कुठे धरली जात नाही. 1991 नंतर ओळखीची किंमत निदान या गोष्टींत पडली, आणि ते आपल्यासारख्यांच्या फायद्याचं होतं.

मग कोणाला बंडी परत वळवता आली? माझ्या पाहण्यात एक गोष्ट आहे. 1972च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमी राज्यभर पसरली, 1977 साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, बाईला आणि पुरुषाला सारखी मजुरी. आपल्याकडे पाटलाच्या वावरात बाई जायची ती पाटील म्हणेल त्या रोजीवर. जवळ हमीचं काम निघालं की तिने नाही म्हटलं, आणि पाटलाला रोजी वाढवावी लागली. पाटील लोक त्या योजनेवर का चिडायचे ते तेव्हा कळलं. सरकारने इथे बाजार बंद केला नाही. मजूर बाईला दुसरं गिऱ्हाईक दिलं. 2005चा देशाचा कायदा याच धर्तीवर आला. आणि तुझ्या पगारातून व्यवसाय कर म्हणून दरमहा 200, फेब्रुवारीत 300 रुपये कापतात, ज्याला तू ‘फुकटचा कर’ म्हणालास, तो 1975 साली याच हमीसाठी लावला होता. सरकारी दवाखाना, शाळा, रेशनचं धान्य यांचंही मी असंच मोजतो: घरात महिन्याचे तांदूळ असले की मामा कापूस आणखी पंधरा दिवस ठेवू शकतो.

एक प्रश्न मात्र तुझ्यासाठी ठेवतो. खुल्या बाजारात ज्याची हुशारी त्याचं फळ, असं तू लिहिलंस. मग बापाच्या पैशावर सुरू होणाऱ्याचं काय? आपल्या देशात वारसा संपत्तीवरचा कर 1953 साली लागला आणि 1985 मध्ये उठला. संपत्ती कर 2015 मध्ये गेला. तुझ्या कंपनीचा मालक स्वतःच्या हिमतीवर उभा राहिला असेलही, पण त्याचा मुलगा राहणार नाही. हुशारीवाले लोक वारसा कराची मागणी करताना मला कधी दिसले नाहीत. तू करशील का, हे सविस्तर लिही. फोनवर नको, तू मधेच ‘मीटिंग आहे’ म्हणतोस.

आईने संत्र्याची बर्फी पाठवली आहे. रूममेटला दे.

तुझा,
बाबा